तुडतुड्याची नवी जाती: जाळीपासून नावापर्यंत कामाचा क्रम

पावसाळा सरत आला की माझ्या फोनवर तुडतुड्यांचे फोटो यायला लागतात. पानावर बसलेला हिरवा किंवा तपकिरी किडा, वरून काढलेला फोटो, खाली एकच प्रश्न: "सर, हा नवीन आहे का?" फोटोवरून मला उपकुल सांगता येतं, नशीब असेल तर प्रजातीही. जाती बहुतेक वेळा नाही. तरी दोन-तीन महिन्यांनी त्याच किड्याचं हस्तलिखित तपासायला येतं आणि त्यात नाव आधीच ठरलेलं असतं. मग उरलेलं सगळं काम त्या नावाला टेकू द्यायला केलेलं दिसतं. चुका तिथून सुरू होतात. सह्याद्रीतल्या जंगलात गोळा केलेल्या तुडतुड्यांच्या संदर्भात कामाचा क्रम इथे मांडतो आहे. हा क्रम उलटा केला की काय बिघडतं, तेही त्या त्या जागी सांगेन.

शब्दांचा घोळ आधी मिटवू. शाळेच्या पुस्तकात कुल, मग प्रजाती, मग जाती असा उतरता क्रम असतो. वर्तमानपत्रं मात्र 'नवी प्रजाती' म्हणतात तेव्हा त्यांना जाती अभिप्रेत असते. या लेखात शाळेचाच क्रम धरला आहे. नेफोटेटिक्स ही प्रजाती, नेफोटेटिक्स व्हायरेसेन्स ही तिच्यातली एक जाती.

१. तो तुडतुडाच आहे ना?

प्रश्न पोरकट वाटेल, पण भातावरचा 'तपकिरी तुडतुडा' हा या कुलातला नाहीच. तो डेल्फॅसिडी कुलातला. त्याच्या मागच्या पायाच्या नडगीच्या टोकाला एक हलणारा मोठा काटा असतो. आपल्या सिकाडेलिडी कुलातल्या तुडतुड्याच्या मागच्या नडगीवर लांबलचक काट्यांच्या रांगा असतात, कंगव्यासारख्या. थुंकीकिड्यांच्या नडगीवर एक-दोन जाड काटे आणि टोकाशी काट्यांचं कडं असतं. दहापट भिंगाखाली हे एका मिनिटात दिसतं.

या कुलात जगभरात वीस हजारांहून जास्त जातींची नावं झाली आहेत. म्हणून 'वेगळा दिसतो' याला फारसा अर्थ नाही.

२. परवानगी, जाळी हातात घेण्याआधी

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात कीटक गोळा करायचे तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. बाहेरच्या राखीव जंगलासाठीही वनविभागाला विचारायचं. अर्जात गाव, तालुका, महिने, पद्धत आणि किती नमुने घेणार हे स्पष्ट लिहा. 'कीटकांचा अभ्यास' एवढंच लिहिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो.

दुसरी गोष्ट लोक शेवटी आठवतात: जैवविविधता कायदा, २००२ याचं कलम ३९. कोणतीही नवी जाती सापडली तर ती नेमून दिलेल्या भांडारसंस्थेला कळवायची आणि तिचा नमुना तिथे जमा करायचा. कीटकांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण आहे, शेतीशी संबंधित कीटकांसाठी बंगळूरची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्थाही आहे. कोणत्या संस्थेत काय जमा होतं आणि कोणत्या पद्धतीनं, ते जंगलात जाण्याआधी विचारून घ्या.

*थांबा:* परवानगीचा क्रमांक आणि तारीख शोधनिबंधात छापावी लागते. ती संकलनाच्या तारखेनंतरची निघाली, तर चांगलं नियतकालिक हस्तलिखित तिथेच बाजूला ठेवतं.

३. गोळा करताना

एकटा किडा आणू नका. एका नरावर जातीचं वर्णन करता येतं, नियम आड येत नाही. पण त्या एका नराचा आकार हा त्या जातीचा आकार आहे की त्या एकट्याचा, हे कळायला दुसरा नर लागतो. मी स्वतः पाच नर मिळेपर्यंत लिहायला बसत नाही. माद्याही हव्यात, त्याच झाडावरून, त्याच दिवशी.

पावसातली जाळी हा वेगळाच ताप आहे. कापड ओलं झालं की तुडतुडे त्याला चिकटतात, पंख चोळामोळा होतात. आंबोलीच्या धुक्यात दिवसभर जाळी मारून हाती लगदा आलेले लोक मी पाहिले आहेत. त्यापेक्षा उघडीप मिळाल्यावरचा अर्धा तास पकडा. कारवीवर, बांबूवर, झाडाखालच्या सावलीतल्या गवतावर वीस-पंचवीस हात मारा, जाळीचं तोंड मुडपा, आणि चोषकनळीनं एकेक किडा ओढून घ्या. बोटांनी उचलू नका. मागचे पाय तुटतात आणि त्यावरचे काटे तुम्हाला पुढे मोजायचे असतात.

रात्री पांढरी चादर आणि दिवा लावला की भरपूर येतात. पण दिव्यावर आलेला किडा कुठल्या झाडावरचा, हे सांगता येत नाही. 'यजमान वनस्पती' हा शब्द फक्त त्या झाडासाठी राखून ठेवा, ज्यावर पिल्लं रस शोषताना दिसली. प्रौढ कुठेही बसतो. हस्तलिखितात 'यजमान: हिरडा' लिहिलेलं असतं, विचारल्यावर कळतं की जाळी हिरड्याखालच्या झुडपात मारली होती.

जिवंत असतानाच फोटो काढा. हिरवा रंग अल्कोहोलमध्ये काही दिवसांत पिवळट होतो. मग 'रंग: फिकट पिवळा' असं वर्णन छापलं जातं आणि पुढचा माणूस तो पिवळा किडा जंगलात शोधत बसतो.

चिठ्ठी जागेवरच लिहायची आणि पेन्सिलनं. मी शिकत होतो तेव्हा एका जुलैमधल्या सगळ्या कुप्यांच्या चिठ्ठ्या बॉलपेननं लिहिल्या. महिन्यानं कुप्या उघडल्या तर अल्कोहोल निळसर आणि चिठ्ठ्या कोऱ्या. चाळीसेक कुप्या गेल्या. त्यात काय होतं ते मला आजही माहीत नाही.

चिठ्ठीवर मोठ्याकडून लहानाकडे जा. नमुन्यादाखल:

भारत: महाराष्ट्र: सिंधुदुर्ग जि.: आंबोली, १५.९६° उ., ७४.००° पू., ७०० मी., १४ जुलै २०२३, बांबूवर जाळी, संकलकाचं नाव.

प्रत्यक्ष चिठ्ठी रोमन लिपीत लिहा. महिना अक्षरांत किंवा रोमन अंकांत. ७-८-२०२३ म्हणजे जुलै की ऑगस्ट, हे दुसऱ्या देशात बसलेला माणूस कसं ठरवणार?

*तपासा:* प्रत्येक कुपीत स्वतःची चिठ्ठी आहे का? ती आत आहे का? बाहेर चिकटवलेली चिठ्ठी धरू नका, ती निघतेच.

४. राखून ठेवणं

दोन वाटे करा. काही नमुने डीएनएसाठी पंच्याण्णव टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये, शक्यतो उणे वीस अंशांवर. बाकीचे कोरडे: कडक कागदाचा बारीक त्रिकोण कापा, त्याचं टोक किंचित खाली मुडपा, त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा कण घ्या आणि किड्याच्या छातीची उजवी बाजू त्याला टेकवा. टाचणी त्रिकोणाच्या रुंद बाजूतून जाते. किड्याच्या अंगातून कधीच नाही.

डिंक जास्त झाला की पोट आणि पाय त्यात बुडतात. फेविक्विक वापरलेले नमुने मी पाहिले आहेत. त्यांचं पुढे काहीही होऊ शकत नाही.

५. आधी पाय, मग पोट

इथला क्रम सगळ्यांत जास्त वेळा चुकतो. पुढच्या पायरीत पोट पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकडायचं आहे. त्यात डीएनए संपतो. म्हणून त्याआधी एक पाय, मधला किंवा पुढचा, काढून वेगळ्या कुपीत ठेवा आणि त्या कुपीवर त्याच नमुन्याचा क्रमांक घाला. मागचा पाय काढू नका, त्यावरची काट्यांची मांडणी ओळखीसाठी लागते.

प्रयोगशाळा जवळ असेल तर आणखी चांगला मार्ग आहे. पोट प्रोटीनेज-के (प्रथिनं विरघळवणारं विकर) असलेल्या द्रावणात रात्रभर ठेवा. मऊ भाग विरघळून डीएनए द्रावणात उतरतो, टणक भाग स्वच्छ होऊन शिल्लक राहतात. एकाच पोटातून दोन्ही कामं होतात.

बारकोड म्हणजे सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा. तो जवळच्या जातींशी ताडून पाहायला उत्तम, पण 'दोन टक्के फरक म्हणजे नवी जाती' असा कुठलाही नियम नाही. जनुकपेढीत तुमच्या प्रजातीच्या किती जाती आहेत ते आधी बघा. सह्याद्रीतल्या बऱ्याच तुडतुड्यांच्या बाबतीत तिथे ताडायलाच कोणी नसतं. मग फरक मोठा दिसणारच.

६. नराचं पोट उघडणं

तुडतुड्यांची जात बहुतेक वेळा नराच्या जननेंद्रियावरून ठरते. रंग, ठिपके, पट्टे हे मदतनीस. भातावरच्या हिरव्या तुडतुड्यात नराच्या पंखांची टोकं काळी असतात, मादीची बहुधा नसतात. रंगावर विसंबलं तर एकाच जातीच्या दोन जाती होतील.

नर ओळखायचा तर किडा उताणा करा. पोटाच्या टोकाशी दोन पानांसारख्या पट्ट्या शेजारी शेजारी दिसल्या की नर. मधून लांब तलवारीच्या म्यानासारखा भाग गेलेला दिसला की मादी.

पोट काढण्याआधी पूर्ण नमुन्याचे फोटो घ्या: वरून, बाजूनं, आणि चेहरा समोरून. मापंही आत्ताच. डोक्याच्या टोकापासून पंखाच्या टोकापर्यंतची लांबी, डोळ्यांसकट डोक्याची रुंदी, अग्रपृष्ठाची (डोक्यामागच्या पाठीवरच्या ढालीची) लांबी-रुंदी. सूक्ष्मदर्शकातली मोजपट्टी ज्या भिंगावर जुळवली, त्याच भिंगावर मोजा. भिंग बदलून जुनाच गुणक वापरल्यामुळे चार मिलिमीटरचा तुडतुडा छापील निबंधात आठ मिलिमीटरचा झालेला मी पाहिला आहे.

आता काम असं करा.

बारीक सुईचं टोक किंचित वाकवा. पंखांखालून, छाती आणि पोट जुळतात तिथे ते घाला आणि हलकेच खाली ओढा. कोरड्या किड्याचं पोट सहसा एका तुकड्यात निघतं. निघत नसेल तर जोर लावू नका. नमुना बंद डबीत ओल्या कापसावर काही तास ठेवा आणि मग पुन्हा करून बघा.

दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड काचेच्या छोट्या कुपीत घ्या. पोट त्यात टाका आणि कुपी गरम पाण्याच्या कपात उभी करा. थेट ज्योतीवर धरू नका. उकळी उसळते, द्रावण डोळ्यात जातं आणि पोट भिंतीवर. चष्मा लावा. फिकट, लहान किड्याला पाच मिनिटं पुरतात, काळ्या टणक किड्याला पंधरा-वीस लागतात. दर दोन-तीन मिनिटांनी बघत राहा. आतलं मांस पारदर्शक झालं आणि तपकिरी भाग मात्र तपकिरीच राहिले, की बास. विसरून गेलात तर एडिगस, म्हणजे नराचं लिंग, तोही काचेसारखा पांढरा होतो आणि त्याच्या कडा दिसेनाशा होतात.

पाण्यात धुवा, अ‍ॅसेटिक आम्लाच्या एका थेंबात क्षणभर ठेवा, पुन्हा पाणी, मग खळगी असलेल्या काचपट्टीवर ग्लिसरीन.

इथे घाई होते. लोक लगेच सुया घेऊन सगळे भाग सुटे करतात. तसं करू नका. आधी अख्खं शेवटचं खंड बाजूनं बघा आणि चित्र काढा: पायगोफर, म्हणजे बाहेरचं कवच, त्यावरचे मोठे केस कुठे, त्याला आतून फुटलेला काटा आहे का आणि तो कुठल्या दिशेला वळतो. सुटं केल्यावर ही दिशा कायमची हरवते. मग पोटाकडच्या पट्ट्या अलग करा. शेवटी एडिगस, त्याला जोडणारा तुकडा आणि दोन्ही शैलिका (एडिगसच्या दोन बाजूंच्या दांड्या) एकत्र बाहेर काढा.

एडिगस बाजूनं आणि मागून, दोन्हीकडून बघायचा. तो ग्लिसरीनमध्ये लोळतो आणि थोडासा कलला की त्याचा बाक वेगळा दिसतो. माझी पहिली 'नवी जाती' अशीच होती. एडिगस नेहमीपेक्षा जाड आणि टोक आखूड वाटलं. तीन आठवडे खूश होतो. मग मार्गदर्शकांनी सुईनं तो वीस अंश फिरवला आणि तो साठ वर्षांपूर्वीच्या चित्रासारखा दिसायला लागला. तेव्हापासून मी ग्लिसरीनमध्ये कापसाचे दोन-तीन तंतू टाकतो आणि एडिगस त्यांना टेकवून उभा करतो. तंतूंचा आधार असेल तर तो हलत नाही.

वर काच ठेवून दाबू नका. दाबल्यावर गोल नळी चपटी होते आणि 'रुंद, पात्यासारखा एडिगस' असं वर्णन तयार होतं.

*तपासा:*

- एडिगसच्या दोन्ही बाजूंचे काटे सारखे आहेत का? एकीकडे आखूड असेल तर तुटलेला असू शकतो. तुटलेलं टोक आडवं, खरबरीत असतं, मूळ टोक निमुळतं.
- दुसरा, तिसरा नर उघडूनही तोच आकार मिळाला का?
- पोटात अळी होती का, किंवा पोटाबाहेर पिशवीसारखं काही लोंबत होतं का? परजीवी माश्या, ड्रायिनिड गांधीलमाश्या आणि स्ट्रेप्सिप्टेरा यांनी पोखरलेल्या नराचं जननेंद्रिय खुरटं, वेडंवाकडं होतं. अशा नरावर नवी जाती उभी करणं ही नेहमीची फसगत आहे. असा नमुना वेगळा ठेवा, वर्णनात घेऊ नका.

सुटे भाग ग्लिसरीन भरलेल्या बारक्या कुपीत घाला, बूच लावा आणि त्या बुचातून त्याच किड्याची टाचणी आरपार घाला. 'नंतर करू' म्हणून बाजूला ठेवलेली कुपी कुठल्या किड्याची, ते संध्याकाळी आठवत नाही.

७. जुन्या नावांशी ताडणं

एवढ्यानं किडा वेगळा आहे हे कळलं, नवा आहे हे नाही. ही पायरी टाळण्याचा मोह सगळ्यांत मोठा असतो, कारण हिला महिने लागतात.

प्रजाती ठरवा. मग त्या प्रजातीतल्या सगळ्या जातींची यादी काढा. जागतिक ऑकेनोरिंका (तुडतुडे, थुंकीकिडे वगैरेंचा गट) डेटाबेसमध्ये ती मिळते. वहीत चार रकाने आखा: जातीचं नाव, मूळ वर्णन कुठे, होलोटाइप (ज्या एका नमुन्यावर जातीचं नाव टेकलेलं असतं तो) कुठल्या संग्रहात आणि तो नर की मादी, नराच्या जननेंद्रियाचं चित्र उपलब्ध आहे की नाही. शेवटच्या रकान्यात 'नाही' असलेल्या सगळ्या जाती तुमची डोकेदुखी आहेत.

भारतातल्या तुडतुड्यांची खूपशी नावं डिस्टंट या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाच्या ब्रिटिश भारताच्या प्राणिजातींवरील ग्रंथमालेतून येतात. ऱ्हिंकोटाचा, म्हणजे तुडतुडे-ढेकणांच्या गटाचा, चौथा खंड १९०८चा. तिथली वर्णनं रंग आणि डोक्याच्या आकारावर, जननेंद्रियाचा पत्ता नाही. शिवाय त्या काळी जाती जास्सस किंवा थॅम्नोटेटिक्स अशा सैल प्रजातींत टाकल्या जायच्या. तुमची जाती आज ज्या प्रजातीत बसते तिथेच शोधलंत, तर जुन्या घरात राहिलेलं तिचं नाव दिसणार नाही. जुने खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट वाचता येतात. पानं उलटाच, शोधखिडकीवर विसंबू नका. जुन्या छपाईतली अक्षरं यंत्र चुकीची वाचतं.

डिस्टंटचे मूळ नमुने, म्हणजे टाइप, मुख्यतः लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहेत. संग्रहपालाला लिहा, फोटो मागा. पत्रात नमुन्याचं नाव, वर्णनाचं वर्ष, पान आणि तुम्हाला नेमकी कोणती बाजू बघायची आहे ते लिहा. 'सर्व टाइपचे फोटो पाठवा' अशा पत्राला उत्तर येत नाही. देशात बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठात सी. ए. विरक्तमठ यांच्या कामातून उभा राहिलेला संग्रह आहे. पश्चिम घाटातल्या तुडतुड्यांवर काम करणाऱ्यानं तो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं माझं मत आहे.

शोध भारतापुरता ठेवू नका. सह्याद्रीच्या दक्षिण भागातले कितीतरी कीटक श्रीलंकेतही आहेत. श्रीलंकेतून नाव मिळालेली जाती आंबोलीत सापडली, तर ती भारतासाठी नवी नोंद ठरते, नवी जाती ठरत नाही.

जुना टाइप मादी असेल तर? मूळ ठिकाणी जाऊन तिथले नर गोळा करणं हाच खरा उपाय. ते जमत नसेल तर मादीच्या सातव्या अधरखंडाची (पोटाच्या खालच्या बाजूच्या सातव्या पट्ट्याची) मागची कड आणि चेहऱ्याची खूण ताडून बघा, आणि शंका उरली तर निबंधात ती सरळ लिहा.

८. फरक किती म्हणजे पुरे

युरोपातल्या युसेलिस तुडतुड्यांचं उदाहरण मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. एडिगसच्या आकारावरून तिथे वेगवेगळ्या जाती मानल्या होत्या. जर्मन संशोधक म्युलर यांनी ते पाळले, दिवसाची लांबी बदलली, आणि एकाच आईबापांच्या संततीत वेगवेगळे आकार निघाले. त्या जाती नव्हत्याच, एकाच जातीची वेगवेगळ्या ऋतूंतली रूपं होती.

म्हणून जूनमधला एक नर आणि ऑक्टोबरमधला एक नर ठेवून जाती पाडू नका. एडिगसची लांबी थोडी कमी-जास्त होणं वेगळं आणि नवा काटा फुटणं, जननछिद्राची जागा बदलणं, पायगोफरच्या काट्याची दिशा उलटी होणं वेगळं. दुसऱ्या प्रकारचा फरक सगळ्या नरांत मिळाला, त्याला जोड म्हणून बाहेरचं एखादं लक्षण किंवा डीएनए उभं राहिलं, तर पुढे जा.

९. लिहिणं

वर्णनाचा क्रम ठरलेला आहे: रंग, डोकं, छाती, पंख, पाय, नराचं जननेंद्रिय, मादी, मापं, तपासलेले नमुने, नावाची व्युत्पत्ती, आढळ, टीप. प्रजातीतल्या आधीच्या चांगल्या निबंधाचा साचा घ्या आणि तुमचं भरा. त्यात कलाकुसर नको.

कस लागतो तो फक्त भेददर्शक परिच्छेदात. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेच्या कलम १३ प्रमाणे जाती वेगळी ओळखायची लक्षणं शब्दांत दिलेली असावी लागतात. नुसतं छान चित्र पुरत नाही. येतं ते असं: "ही जाती तपकिरी रंगामुळे व डोक्यावरील ठिपक्यांमुळे इतरांहून वेगळी आहे." इतर म्हणजे कोण? हवं ते असं: "अमुक जातीशी जवळची. पण हिच्या एडिगसच्या टोकाशी काट्यांची एकच जोडी, तीही पाठीकडे वळलेली. तिथे दोन जोड्या, दोन्ही पोटाकडे. हिच्या पायगोफरला आतून काटा नाही, तिथे आहे." नाव घेऊन, एकासमोर एक.

होलोटाइप एकच. तो नर असावा, उघडलेला, काट्या-पायांनी पूर्ण, चिठ्ठी निःसंशय. त्याला लाल चिठ्ठी. बाकीच्यांतले खात्रीचे नमुने पॅराटाइप, त्यांना पिवळी. दुसऱ्या डोंगरावर मिळालेली 'बहुतेक हीच' मादी पॅराटाइपमध्ये घुसडू नका, टीपेत लिहा. होलोटाइप कुठल्या संग्रहात ठेवला किंवा ठेवणार आणि तो संग्रह कुठल्या गावी आहे, हे निबंधात नसेल तर १९९९ नंतर दिलेलं नाव ग्राह्यच धरलं जात नाही. 'लेखकाच्या संग्रहात' असं लिहून वेळ मारून नेऊ नका.

ही नवी जाती आहे हे ठाम लिहा. 'बहुधा नवी, नाव सुचवत आहोत' अशा सशर्त नावाला १९६० नंतर मान्यता नाही.

नावाचं थोडं व्याकरण. गावावरून नाव द्यायचं तर शेवट 'एन्सिस'. आंब्यावरच्या इडिओस्कोपस नागपूरेन्सिसमध्ये आपलं नागपूर असंच बसलं आहे. प्रजाती नपुंसकलिंगी असेल तर 'एन्से'. पुरुषाच्या नावाला 'आय', बाईच्या नावाला 'ई' ध्वनीचं एई, अनेक पुरुषांना 'ओरम', अनेक बायकांना 'आरम'. मार्गदर्शक बाई असताना त्यांचं नाव पुल्लिंगी केलेलं हस्तलिखित माझ्याकडे एकदा त्या बाईंच्याच सहीनं आलं होतं. विशेषण असेल तर ते प्रजातीच्या लिंगाप्रमाणे बदलतं: अम्रास्का स्त्रीलिंगी म्हणून बायगटुला, नेफोटेटिक्स पुल्लिंगी म्हणून नायग्रोपिक्टस. आणि त्या प्रजातीत तेच नाव आधी कोणी वापरलं नाही ना, हे बघा. स्वतःचं नाव द्यायला संहिता मनाई करत नाही, पण लोक हसतात.

१०. छापताना

नियतकालिक फक्त ऑनलाइन निघत असेल तर निबंधाची झूबँकवर (प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत) आधी नोंद करा आणि त्या नोंदीचा पुरावा निबंधातच छापा. २०१२च्या दुरुस्तीनं हे बंधनकारक झालं. नोंदीत नियतकालिकाचा आयएसएसएन क्रमांक आणि निबंध कायमचा जपून ठेवणाऱ्या संग्रहाचं नाव भरलेलं असावं. लोक स्वतःचा निबंध नोंदवतात आणि हा रकाना रिकामा सोडतात.

*थांबा:* छापून येईपर्यंत नाव बाहेर काढू नका. पोस्टर, परिषदेचा सारांश, प्रीप्रिंट, गावच्या पेपरातली बातमी, सगळीकडे 'एक नवी जाती' एवढंच. बातमीत नाव आलं आणि वर्णन आलं नाही, तर ते नाव नागडं राहतं आणि पुढच्या याद्यांत घोळ घालतं. प्रूफं आली की दोनच गोष्टी परत परत वाचा: नावाचं स्पेलिंग आणि होलोटाइपची चिठ्ठी. मूळ निबंधात तेच नाव दोन प्रकारे छापलं गेलं तर कोणतं धरायचं, हे पुढे दुसऱ्या कोणालातरी ठरवावं लागतं.

निबंध आला की त्याची प्रत भांडारसंस्थेला पाठवा, वनविभागाला पाठवा, डीएनएचे क्रमांक खुले झालेत का बघा. पॅराटाइप दोन-तीन संग्रहांत वाटून द्या. एकाच कपाटाला वाळवी लागली तर दुसरीकडे काही उरतं. परदेशी संग्रहाला पाठवायचे असतील तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी वाचा.

सातव्या पायरीत तुमची जाती जुनीच निघाली, तर नमुने पेटीत टाकून देऊ नका. १९०८चं एखादं नाव, ज्याचा नर कोणी पाहिलाच नाही, त्याचा नर आता तुमच्या टाचणीवर आहे. चित्रं तयार आहेत, मापं झाली आहेत, ठिकाण पक्कं आहे. फक्त शीर्षक बदला: 'अमुक जातीचं पुनर्वर्णन आणि नराची पहिली नोंद'.